एका ट्रेमधल्या बारा अळ्या

३ जुलै. सतरा वर्षं कॉलेजच्या लॅबमध्ये बाटल्या विसळल्या. आज प्रथमच प्राणिशास्त्राच्या बाईंनी संशोधन सोपवलं! बाई महिनाभर रजेवर. माझ्या ताब्यात बारा अळ्या. दिवसा मातीत झोपतात, रात्री वर येऊन कोवळी रोपं बुंध्याशी कापतात, पुढे मातकट पतंग होतात. हात लावला की वेटोळं. गरीब जात. हुकूम : बारा डब्यांत बारा. पेपरावर माझंही नाव घालणार म्हणाल्या.

४ जुलै. बारा डबे रोज धुणार कोण? सगळ्या एकाच ट्रेमध्ये सोडल्या. एकत्र कुटुंबात लेकरं चांगली वाढतात.

८ जुलै. नऊच! मातीत असतील कुठेतरी.

९ जुलै. आठ. भिंतीवर पाल दिसली. फुटपट्टीने ठेचली. तीन घाव. शेपूट बराच वेळ वळवळत होतं. इलाज नव्हता.

११ जुलै. सहा. म्हणजे पाल निर्दोष होती. शिपाई घरी मैना पाळतो, तिच्यासाठी तोच अळ्या नेत असणार. कॉलर धरली त्याची. त्याने नाकावर ठोसा दिला. अ‍ॅप्रन रक्ताने लाल. घरी ही म्हणाली, अळ्यांपायी नाक फोडून घेतलंत? म्हटलं, विज्ञान रक्त मागतंच.

१४ जुलै. चार. आज डोळ्यांनी पाहिलं. माती उकरली तर एका जाडीने दुसरीची मान धरलेली. ती पिळवटत होती, हिरवं पाणी गळत होतं, पाय हलतच होते. दहा मिनिटांत नुसतं कातडं उरलं. जेवणाचा डबा न उघडताच ठेवून दिला. ताबडतोब वेगळ्या करायला हव्यात.

दुपारी ३. नाही करणार. हा तर शोध आहे! बाईंना याची कल्पनाही नसेल.

१७ जुलै. जाडीचं नाव पैलवान ठेवलं. सकाळी दोन, संध्याकाळी एक. मी टाळ्या वाजवल्या.

२० जुलै. पैलवान मातीत, कोषात. पेपरावर माझं नाव आधी असावं. बाईंशी बोलेन.

३ ऑगस्ट. बाई आल्या. ऐटीत झाकण उचललं, तर पतंग थेट माझ्या तोंडावर. हात आपोआप उठला. फाट्‌कन! बाईंनी विचारलं, बाकीच्या अकरा? गालावरचा चिकटा दाखवून म्हटलं, सगळ्या ह्यातच आहेत, बाई. एकमेकींना खातात, आपण शोध लावला. बाई शांतपणे म्हणाल्या, हे शाळेच्या पुस्तकातही आहे, म्हणून तर वेगळ्या ठेवायच्या होत्या. तोंड धुऊन या.

धुऊन आलो. लॅबची किल्ली शिपायाच्या हातात. त्याने दारातूनच विचारलं, कोण पाहिजे?