दुसरी सीडी अडकते तिथे

॥ श्री ॥

कळंब, ता. २२ मे २००५, रविवार

चि. सौ. डिंपल हीस,
घेवरचंदचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे क्षेमकुशल आहे. तुझ्या आईचे गुडघे आहेत तसेच आहेत. पारसच्या धाकट्याला दात येतायत, त्यामुळे तो घरातल्या प्रत्येकाला चावत सुटलाय. लग्नसराई संपत आली, दुकानात बरी उसंत आहे. दुपारी तीन तास लाईट नसते म्हणून दुकानाच्या पायरीवर बसून लिहितो आहे. अक्षर वाकडे आले तर पायरीचा दोष समजावा.

आमच्या मर्जीविरुद्ध तू भगवंतरावांशी लग्न केलेस, त्यानंतरच्या चार वर्षांत माझे हे पहिलेच पत्र. त्याबद्दल पुढे लिहितो. आधी सीडीचे.

आपल्या संयमच्या लग्नाच्या दोन सीड्यांच्या नकला तुझ्या आईने तुला गुपचूप नाशिकला पाठवल्या, हे मला माहीत आहे. तुझे सासरे गेणभाऊ निरगुडसरहून बाजाराला आले की पिशवीत मेथीच्या जुडीखाली काय जाते, ते न कळायला मी काही काल जन्मलो नाही. पहिली सीडी चालते, दुसरी गृहप्रवेशापाशी अडकते, चित्राचे चौकोन होतात आणि मशीन गप्प बसते, हेही मला कळले. तू टेलिफोन बूथवरून आईला सांगितलेस आणि आईने ते पारसच्या बायकोला एवढ्या हळू आवाजात सांगितले की समोरच्या किराणा दुकानातही ऐकू गेले.

तुझ्या त्या सीडीवर आमच्या घरात झालेले उपाय ऐक. तू ती परत पाठवलीस तेव्हा आईने ती पदराने पुसली. मग परातीत साबणाचे पाणी करून धुतली आणि पापडाशेजारी उन्हात वाळवली. मी तेव्हा पेपर वाचत होतो, पण राहवले नाही. म्हटले, सीडी पुसायची तर मऊ मलमल घ्यावी, आणि मधून कडेकडे सरळ पुसावे, गोल गोल नाही. आईने माझ्याकडे पाहिले. मी पुन्हा पेपरात तोंड घातले.

मग मंचरच्या इरफानकडून दुसरी नक्कल करून घेतली. इरफान म्हणजे आपल्या महंमद हनीफ टेलरचा मुलगा. लग्नाचे शूटिंग त्यानेच केले होते. तीही तिथेच अडकली. तो म्हणाला, घाईने भरली की नक्कल कच्ची राहते, आता सगळ्यात हळू स्पीडवर करतो. तिसरी हळू केली, भारीतल्या कोऱ्या सीडीवर. वर नावाची कागदी चिठ्ठीसुद्धा चिकटवली नाही, कारण त्या चिठ्ठीने म्हणे सीडी मशीनमध्ये डगमगते. तुला मशीनची काच साफ करायला सांगितली, शेजाऱ्यांकडे लावून बघायला सांगितली. भगवंतरावांनी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरही लावली म्हणे. अडकायची ती त्याच जागी अडकली. शेवटी आमच्या घरात एकमत झाले की इरफानला काम येत नाही. पारसने तर भिशीच्या मंडळींत सांगितले की त्या पोराला शूटिंग देऊ नका. मी तेव्हाही पेपरच वाचत होतो.

गेल्या सोमवारी इरफान स्वतः घरी आला. सूर्यास्ताआधीची आमची जेवणे नुकतीच आटोपली होती. बसला नाही. म्हणाला, "शेटजी, मशीन येगळी, सीडी येगळी, स्पीड येगळा, तरी अडकतंय एकाच जागी. मंग खोट नकलेत न्हाई. ज्याच्यावरनं नक्कल केली त्या तुमच्या घरातल्या सीडीत हाय. तेवढी उजेडासमोर धरून बघू द्या."

आईने कपाटातून मूळची सीडी काढून दिली. त्याने ती ट्यूबलाइटसमोर धरली. कडेच्या थोडे आत, गव्हाच्या दाण्याएवढ्या रुंदीचा पट्टा होता, गोल फिरलेला. त्यातून आरपार उजेड दिसत होता. तो म्हणाला, "चकाकत्या बाजूचा वरखडा पुसता येतो. ह्यो वरच्या, छापल्याल्या चित्राच्या बाजूनं खरवडलाय. तिथला मुलामाच गेलाय. आन् आपसूक पडलेला वरखडा असा गोल जात न्हाई, काकी."

तुझी आई माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, "तुझ्याच दुकानात झालं असंल." तो "बरं शेटजी" म्हणाला आणि चप्पल घालून गेला. याचा बाप तीस वर्षे आपल्या दुकानातले कापड शिवत आला, एक वीत कधी इकडची तिकडे झाली नाही. त्याच्या पोरावर मी असे बोललो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते आमच्या घरी महिनाभर चालले होते, आणि कळसा माझ्या काखेत होता.

डिंपल, ती सीडी मी खरवडली. दुकानातल्या कात्रीच्या टोकाने.

लग्नानंतर पंधरा दिवसांनी पाहुणे आले होते, त्यांना आईने दुसरी सीडी लावून दाखवली. त्यात माझे एक वाक्य आहे. मी ते बोललो होतो हे मला माहीत होते, पण स्वतःला टीव्हीवर बोलताना कधी पाहिले नव्हते. फेटा बांधलेला, पानाने ओठ रंगलेले, आणि चेहऱ्यावर काहीच नाही. पाहुण्यांनी माना खाली घातल्या. आई उठून आत गेली. मी बाहेर जाऊन उगाच गाडीवाल्याशी भाजीवरून भांडलो.

सीडीवर मधून कडेकडे लिहिले जाते, हे मला इरफाननेच शूटिंगच्या वेळी हौसेने समजावले होते. म्हणजे गृहप्रवेश शेवटाकडे, कडेच्या थोडा आत असणार. कापड मोजून जन्म गेला, तेवढा अंदाज आला. तुझ्यावरच्या रागाने मी ते केले असे समजू नकोस. मला माझी लाज वाटली. माझे वाक्य चार सेकंदांचे असेल. इरफानच्या हिशेबाने गेली ती आठ मिनिटे.

दुसऱ्या दिवशी मी मंचरला त्याच्या दुकानात गेलो आणि त्याला हे सगळे सांगितले. माफी मागितली. दुकानात दोन गिऱ्हाईके होती, त्यांच्यासमोरच मागितली, कारण बदनामी चारचौघांत झाली होती. मग विचारले, कॅमेऱ्यातली कॅसेट आहे ना, तिच्यावरून नवी कर. तो म्हणाला, "शेटजी, तिच्यावर मार्चमधलं एक लगीन घेतलं. कॅसेट पुन्ना पुन्ना वापरतो आमी." मी तिथल्या बाकावर बसलो. त्याने चहा सांगितला.

घरी येऊन तुझ्या आईला सांगितले. ती रडेल असे वाटले होते. ती ज्वारी निवडत होती, निवडतच राहिली. मग म्हणाली, "पोरीला मी फोनवर कायबी सांगितलं नव्हतं. म्हटलं, सीडीत बघंल ती. आता ज्यानं खरवडलं त्यानंच लिवायचं." म्हणून हे पत्र. त्या आठ मिनिटांत काय होते ते आता कुठेच उरलेले नाही, तेव्हा आठवते तसे लिहितो. कमीजास्त करत नाही.

नवी सून दारात आली. आपल्यात नवऱ्याची बहीण दार अडवते आणि भावाकडून काहीतरी कबूल करून घेतल्याशिवाय वाट सोडत नाही, हे तुला सांगायला नको. दार मोकळेच होते. सुनेकडच्या एका बाईने विचारले, "नवरदेवाची बहीण कुठंय?" कॅमेरा माझ्याकडे वळला. मी म्हणालो, "बहीण न्हाई त्याला. मला दोन मुलगेच."

हे माझे वाक्य.

मग तुझी आई पुढे आली. हातातले आरतीचे ताट तिने पारसच्या बायकोकडे दिले आणि दोन्ही हातांनी चौकट धरून दारात उभी राहिली. नवऱ्याची आई दार अडवते असे कधी कुणी पाहिलेले नाही. ती म्हणाली, "डिंपलची जागा हाय ही. ती येईस्तवर मी उभी." संयम म्हणाला, "काय पाहिजे, आई?" ती म्हणाली, "बहिणीला घरी आणशील तरच वाट सोडीन." संयमने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. म्हणाला, "आणतो." सगळ्या बायका रडायला लागल्या, नव्या सुनेला तर काय चाललेय ते कळेना, तीही रडली. आई बाजूला झाली आणि माप ओलांडून सून आत आली.

नंतर दोनदा संयमने तुझ्याकडे यायचे काढले. दोन्ही वेळा मी त्याला दुकानात अडकवून ठेवले.

तुझा पत्ता माझ्याकडे नव्हता. तो आणायला काल निरगुडसरला गेलो. गेणभाऊ गोठ्यात होते. मला बघून हात धुतले, खाट टाकली, आणि मग म्हणाले, "शेट, पोटच्या पोरीचा पत्ता इचारायला चार वरसं लागली व्हय?" मी म्हणालो, लागली. त्यांनी पत्ता सांगितला, तो मी लिहून घेतला.

पुढच्या रविवारी संयम तुला न्यायला येईल. भगवंतरावांनाही घेऊन ये. त्यांना माझा नमस्कार सांग. त्यांच्याशी काय बोलायचे ते मला अजून सुचलेले नाही, पण ते आले तर मी पेपर उघडणार नाही. तुला यावेसे वाटले नाही तर तसे संयमला तोंडावर सांग. तो परत येऊन मला सांगेल आणि मी ऐकून घेईन. तो अधिकार तुझा आहे.

मी कधी कुणाला हे लिहिलेले नाही, तेव्हा नीट जमले नसेल. माझे चुकले. तुझी आठवण रोज येते.

पारस, डिंपल आणि संयम या तिघांचा बाप,
घेवरचंद