सिमला मिरची कुणाच्या प्लेटीत

लातूर, मंगळवार, संध्याकाळ

अभ्यासाला बसले होते, पण डोक्यात तेच चालू आहे.

सुजाता माझी रूममेट. ती निलंग्याची, मी अहमदपूरची. होस्टेलसमोरच्या चायनीजच्या गाड्यावर नूडल्स खाताना ती सिमला मिरची वेचून माझ्या प्लेटीत टाकते आणि मी ती खाते. वर्ष झालं, असंच चाललंय. आज मृणालही आली होती. क्लासमधली नवीन, इथलीच, गोड गोड बोलणारी. आणि सुजातानं मिरची वेचून सरळ तिच्या प्लेटीत टाकली! माझी प्लेट जवळ होती. मी ती मुद्दाम पुढं सरकवली सुद्धा.

"मला लई आवडती गं," मृणाल म्हणे. लई आवडती म्हणे!

"मला पण आवडते," मी म्हटलं. जरा जोरातच.

सुजाता हसली. "तुला तर चाचा आधीच जास्त टाकतात की."

खरंच टाकतात. गाडीवाल्या चाचांनी आजही प्लेट देताना सांगितलं होतं, "तुमकू पसंद है ना बेटा, ज्यादा डाला."

मग त्या दोघी काहीतरी बोलून हसत होत्या आणि मी खाली मान घालून मिरची खात होते. एक तुकडा ठेवला नाही. एवढी कसली जळते मी? कुणी माझ्या हातचं काय हिसकावून घेतलं? मिरचीच ना?

दात घासले तरी तोंडातली कडवट चव जाईना. आमच्या घरी आई सिमला मिरची आणतच नाही. आणली की मी ताटावरून उठते म्हणून.