देवघरातला हिरवा फोटो

मखमलाबाद, नाशिक
२ फेब्रुवारी २०२५

चि. भाग्यश्रीस,
अ. उ. आ. मोबाइल सदा रुद्रच्या हातात, मेसेज आधी तोच वाचतो. म्हणून कागद घेतला. लग्नाचं विचारत नाहीये, घाबरू नकोस. शेवंती संपली, गुलाबाची तोडणी चालू आहे.

रुद्र आता भिंत धरून चालतो. डॉक्टर नोव्हेंबरपासून सांगताहेत, चाकांची खुर्ची घ्या, पायांना पट्टे लावा, नाहीतर पावलं आखडतील. मी ऐटीत म्हटलं, आमची नणंद पुण्यात स्नायूंच्या याच आजारावर काम करते, वर्षभरात औषध येईल; नऊ वर्षांच्या पोराला खुर्चीत कशाला बसवू? हे चिडले, पण मी हटले नाही.

दिवाळीत तू दिलेला हिरव्या पेशींचा फोटो आईंनी देवघरात ठेवलाय. रुद्र येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावतो, प्रथिन एकटं पेशीत शिरत नाही, आत्याचं पॉलिमर त्याला गुंडाळून आत नेतं. आता किती दिवस, तेवढं कळव.

वाट पाहणारी,
पूजावहिनी

पुणे
९ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि. हे पत्र तिसऱ्यांदा लिहितेय.

फोटोतल्या पेशी मेलेल्या होत्या. बघण्याआधी त्यांना रसायनात घट्ट करायची आमची पद्धत आहे. डिसेंबरच्या शेवटी मी जिवंत पेशी बघितल्या, तर हिरवा रंग बारीक बारीक ठिपक्यांत अडकलेला. पेशी बाहेरचं काही आत घेते ते पिशवीत बांधून; आमचं प्रथिन त्या पिशव्यांतच कोंडलं होतं. रसायनाने पिशव्या फाटल्या आणि रंग सगळीकडे पसरला. मी त्यालाच यश समजले.

शिवाय ते रुद्रला लागणारं प्रथिन नव्हतंच, नुसतं चाचणीचं चमकणारं होतं. हे दिवाळीत सांगायचं राहिलं, कारण तुम्ही सगळे इतके खुश होता. खरं कळूनही दीड महिना गप्प बसले. लॅबमधल्या सरांना सांगितलं, घरी सांगायची छाती झाली नाही.

पिशव्या आतून उघडतील असं पॉलिमर करतेय. किती वर्षं लागतील, ठाऊक नाही. वहिनी, खुर्ची घ्या. पट्टे उद्याच लावा. पाया पडते.

तुमची अपराधी,
भाग्यश्री

मखमलाबाद
२३ फेब्रुवारी २०२५

चि. भाग्यश्रीस,
अ. उ. आ. खुर्ची आली. स्वयंपाकघराच्या दारातून जात नव्हती. काल मिस्त्रीने चौकट फोडली. फोटो देवघरातच आहे; आईंना काढा म्हणायचं धाडस ना यांच्यात, ना माझ्यात.

रुद्रची डावी टाच आता जमिनीला टेकत नाही. पट्टे नोव्हेंबरात लागले असते तर, असं डॉक्टर बोलले नाहीत. ते मीच बोलते, रोज, फुलं तोडताना. तुझा दीड महिना त्यात आहे, माझी ऐटसुद्धा आहे.

फोटोतल्या पेशींचं रुद्रला सांगितलं. मग त्याने विचारलं, आत्या खोटं बोलली का. मी म्हटलं, नाही रे, चुकली. दीड महिन्याचं त्याला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. पण होळीला येऊ नकोस. तू समोर आलीस तर माझ्या तोंडून ते निघेल.

काम सोडू नकोस. लोभ आहे; वाढायला वेळ लागेल.

पूजा