बांच्या हृदयातल्या नव्या पेशी

संगीता बाळा,

तुझ्या लग्नापासून बा तुझ्याशी बोलले न्हाईत. औंदा त्यांना हार्ट अटॅक आला, हृदयाचा एक भाग निकामी झाला. हैदराबादच्या डॉक्टरांनी त्यांच्याच कमरेच्या हाडातून पेशी काढून हृदयात सोडल्या. म्हणाले, "प्रयोग आहे, गुण येईलच असं नाही."

तुला कळवू का विचारलं, तर बा म्हणाले, "नको, घाबरल लेकरू."

आता ते तांड्यावरून वारंगा फाट्यापर्यंत चालतात. पेशींनी की औषधानं, डॉक्टरलाही सांगता येईना. आज सकाळी इस्त्रीचा सदरा घालून म्हणाले, "पत्र टाकू नको. मीच चाललो तिच्याकडं."

म्हणून हे माझ्यापाशीच ठेवते. पोरी, भांडण मागून कर. आधी त्यांना बसायला दे, जिना चढून दम लागला असेल.

तुझी आई, तुझी याडी