उंदीर कोणी काढला

३ एप्रिल

चि. बुटक्यास,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघी ठीक आहोत, तू जेवतोस ना वेळेवर?

तुझ्या मालिकेचा शेवट पाहिला. सगळ्या गल्लीने पाहिला, आणि दुसऱ्या दिवसापासून गल्ली माझ्याशी बोलेनाशी झाली आहे. ब्लाउजची मापं द्यायला आलेली बाई दंडाचं माप देता देता म्हणाली, तुमच्या भावाला काळीज आहे की नाही? नऊ वर्षं त्या बिचारीला मुलाची वाट बघायला लावली आणि शेवटी तिच्याच हातून दार लावून घेतलं! माझ्या तोंडात टाचण्या होत्या म्हणून मी गप्प राहिले.

तिला काय सांगणार, की हा शेवट मीच तुझ्यामागे लागून लिहून घेतला? आईची खाट अजून पुढच्या खोलीत, दाराला लागून. आणि दार पुरतं मिटू नये म्हणून फटीत आपला उंदीर, बाबांच्या जुन्या पँटची ती गुंडाळी. शेवटी घरी येईल त्याने उंदीर काढून फळीवर ठेवायचा आणि वरची कडी लावायची, हा आपल्या घरचा नियम. एकोणीस वर्षं मी तिला सांगते आहे, की सगळे घरात आहेत, लावू दे कडी. ती म्हणते, शेवटचा अजून आलेला नाही. डॉक्टरांनी बजावलं आहे, या खोकल्यावर आणखी एक हिवाळा वाऱ्यात काढला तर बाई हाती लागणार नाही. मला वाटलं, टीव्हीतल्या आईने दार लावलं की आपली आईही लावेल. माझं नाही ऐकत, तिचं ऐकेल.

कसचं काय. आईने शेवट पाहिला, टीव्ही बंद केला आणि म्हणाली, बुटक्याला लिही, त्याच्याकडून काहीतरी चूक झाली आहे. मग उंदीर हाताने दाबून नीट बसवला आणि झोपली. माझा डाव माझ्याच अंगाशी आला.

लोकांचं मनावर घेऊ नकोस. सवड मिळाली की चार ओळी लिही.

तुझी,
ताई

१६ एप्रिल

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

मनावर घेऊ नको म्हणतेस, पण इथे खोलीत पाय ठेवायला जागा नाही. लोक कड्या पाठवत आहेत. खरोखरच्या कड्या, आपापल्या दाराच्या उचकटून काढलेल्या, स्क्रूसकट. एकाने सुरू केलं आणि साथच आली. पार्सलवर लिहिलेलं असतं, घ्या, आमच्याकडे दार बंद करत नाहीत. झाडणारी बाई वैतागली आहे. वरच्या पुलावरून मालगाडी गेली की ते सगळं ढिगाने किणकिणतं, आणि दर वेळी मला वाटतं कोणीतरी दार वाजवलं. दोनदा उठून उघडलंही. आईचं काम करणाऱ्या नटीला भाजीवाल्याने भाजी दिली नाही. तिचा काय दोष? शिव्यांची पत्रं तर पोत्याने येतात. मी मोठ्या माणसासारखा हसतो आणि घरी येऊन पंखा बघत पडतो.

पण हे पत्र त्यासाठी नाही. पोत्यात एक कार्ड सापडलं. खाली नाव नाही, पत्ता नाही, टपालाचा शिक्का पुसट. मजकूर जसाच्या तसा उतरवतो:

‘नऊ वर्षं रोज आठ वाजता बघत होतो. मे महिन्यात निघायचं ठरवलं होतं. त्यांनी उंदीर काढला. समजलं.’

ताई, मालिकेत मी उंदीर हा शब्द एकदाही वापरलेला नाही. आपल्या घरातली वस्तू चव्हाट्यावर नको म्हणून मुद्दाम बोळा लिहिलं. नऊ वर्षं, प्रत्येक वेळी, बोळा. कोणाही प्रेक्षकाला तो बोळाच माहीत आहे.

हे तू लिहिलंस का? माझी जिरवायला? किंवा आईने तुझ्याकडून लिहवून घेतलं का? असं असेल तर रागावणार नाही, फक्त तसं कळव. कार्ड सोबत पाठवतो आहे. मला हल्ली दादाचं अक्षर आठवत नाही, याची लाज वाटते.

आईला पाया पडतो. लवकर लिही.

तुझा,
बुटक्या

२२ एप्रिल

चि. बुटक्यास,

अ. आ.

मी लिहिलेलं नाही. आईचा हात इतका कापतो, की तिच्याने सहीसुद्धा धड होत नाही.

अक्षर दादाचं आहे. ठ बघ. पाटी उलटी धरून काढावा तसा ठ तो काढायचा, त्यावरून मास्तरांचा मारही खाल्ला होता. शिवणाच्या कपड्यावर मी ते कार्ड ठेवलं आणि दिवसभर मशीनला पाय लावला नाही.

मला आधी राग आला, तुला खोटं कशाला सांगू. नऊ वर्षं रोज आठ वाजता टीव्हीपुढे बसायला याला वेळ होता, उठून घरी यायला पाय नव्हते? आई जिवंत आहे की नाही हे त्याने तुझ्या मालिकेवरून ताडायचं? बाबा गेले, तेव्हा हा कुठे होता? मग संध्याकाळ झाली आणि राग उतरला. तो घर सोडून गेला त्या दिवशी बाबा त्याला म्हणाले होते, आता गेलास तर परत येशील तेव्हा हे दार बंद असेल. तू शाळेत होतास. मी इथेच होते. मी मान वर केली नाही, मशीन चालवत राहिले. वाटलं, बाबांचा राग, दोन दिवसांत निवळेल. तो माझ्याकडे बघून गेला रे. मी म्हटलं असतं, बस जरा, तर बसला असता.

तुझी मालिका सुरू झाली, तेव्हा त्याला कळलं असणार की लिहिणारा कोण. दार उघडं आहे एवढं तो रोज बघून घेत असेल. आणि आपण दोघांनी मिळून ते लावलं. बाबांनी नुसतं म्हटलं होतं, आपण करून दाखवलं.

आईला सांगितलेलं नाही. तिची आशा आणखी वाढवून मग मी काय करू? पत्ता नाही, काही नाही. त्याच्याशी बोलायची एकच जागा आहे, आणि ती तुझ्या हातात आहे. मीच म्हटलं होतं लाव, आता मीच म्हणते उघड. खोकल्याचं मी बघून घेईन.

अंगाला जप, सिगारेट कमी कर.

तुझी,
ताई

११ मे

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

उघडलं. येत्या रविवारी आठ वाजता एक जादा भाग दाखवणार आहेत. कड्यांच्या ढिगाला वाहिनीचे साहेब घाबरले होतेच, मी विचारायच्या आधी तेच म्हणाले, नवा शेवट द्या. पण त्यांना मुलगा परत आणायचा होता, कोणीतरी नावाजलेला नट घेऊन, गळाभेट, रडारड. मी नाही म्हणालो. दादा बघत असेल आणि त्याच्या जागी दुसराच कोणी दारातून आत येईल, हे माझ्याच्याने लिहवणार नाही. मी फक्त एवढंच लिहिलं, की ती सकाळी उठते, कडी काढते, फळीवरची गुंडाळी घेते, फटीत बसवते आणि शेजारणीला सांगते, की उंदीर माझ्या हातून चुकून निघाला होता.

साहेबांनी विचारलं, हा उंदीर कुठून आला? मी म्हटलं, असू दे. त्यांनी शब्द खोडला. मी परत लिहिला. तीनदा असं झालं. शेवटी मी सांगितलं, की शब्द ठेवा आणि मला काढा. त्यांनी दोन्ही केलं. नोकरी गेली, ताई, पण आईला सांगू नकोस. नटीला मात्र मी खरं ते सांगितलं.  ते वाक्य तिने असं म्हटलं, की कॅमेरावाल्याने मान फिरवली.

आता रविवारी आठ वाजता तो टीव्ही लावतो की नाही, एवढंच. शेवट आवडला नाही म्हणून लोक मालिका सोडून देतात. त्यानेही सोडली असेल तर?

आईला नमस्कार. तुझ्या पत्राकडे डोळे लावून,

बुटक्या

२ जून

चि. बुटक्यास,

अ. आ. नोकरीचं ऐकून वाईट वाटलं. आईला सांगितलेलं नाही.

लोक आता दुप्पट चिडले आहेत. मापंवाली म्हणाली, मुलगा कुठे आहे? आणि मधेच उंदीर काय, तुमच्या भावाचं डोकं फिरलं आहे! आई मात्र तो शब्द ऐकून खाटेवर उठून बसली. म्हणाली, आता बरोबर लिहिलंन. त्यानंतर दोन आठवडे झाले. रोज सकाळी मी आधी दाराकडे बघते. उंदीर असतो जागच्या जागी. कोणाला सांगू नकोस, पण मला आता त्या फटीची भीती वाटते. आईचा खोकला वाढला आहे. डॉक्टरांना

३ जून, सकाळी

काल इथवर लिहिलं आणि झोप आली. आता घाईत लिहिते आहे, अक्षर लागेल तसं वाचून घे.

दूध घ्यायला उठले तर दार उघडेना. कडी लागली आहे. वरची. मी लावलेली नाही, आणि आईचा हात तिथे पोचत नाही. उंदीर फळीवर आहे, बाबांच्या चष्म्याशेजारी. कोपऱ्यात टाच झिजलेल्या पुरुषाच्या चपला आहेत, एकीवर दुसरी ठेवलेली. आई भिंतीकडे तोंड करून झोपली आहे. मी दोनदा पाठीवर हात ठेवून पाहिला, श्वास शांत चालला आहे.

मधल्या खोलीचं दार लोटलेलं आहे. मी तिथवर गेले आणि परत आले. एकोणीस वर्षं काय काय बोलायचं ते पाठ करून ठेवलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवत नाही. तो आता पन्नाशीचा असेल. मी त्याला ओळखलं नाही तर? म्हणून आधी तुला लिहायला बसले. चहाचं आधण तीन कपांचं ठेवलं आहे. ते उकळलं की आत जाते.

मिळेल त्या गाडीने निघ. आणि ऐक, पूर्वीसारखं लोटून आत येऊ नकोस, या घराचं दार आता बंद असतं. आलास की कडी वाजव.

तुझी,
ताई