मनूची दिवाळीची सुट्टी

७ सप्टेंबर
कुकरमधला केक आजही खालून करपला, वरून कच्चा. मधला पट्टा तेवढा खाण्यासारखा, त्यातला निम्मा दोघा मुलांनी बघता बघता संपवला, निम्मा संध्याकाळच्या खाऊसाठी ठेवला. मनूने करपलेला भाग कात्रीने गोल कापला आणि "हा चंद्र" म्हणून खिडकीत ठेवला. मुंग्या.

संध्याकाळी भुलाबाईची मातीची मूर्ती बसवली. रंगवली मनूनेच. नाक निळं झालंय, पण बदलू देत नाही. गल्लीतल्या मुली गाणी म्हणायला आल्या. शेवटी डबा हलवून आतला खाऊ ओळखायचा, तर चिनूने आधीच सांगून टाकलं, "केक आहे. जळलेला." मनू इतकी हसली की खालीच बसली.

माझी ताई, मनूची आई, गेली तेव्हा ही चार वर्षांची होती. तेव्हापासून माझ्याकडे. आता पहिलीत. चिनू नुकताच चार पूर्ण झाला, त्याला ती सख्खीच वाटते. ती मला मावशी म्हणते म्हणून तोही म्हणतो. स्वतःच्या आईला मावशी! सुधारून सुधारून मी कंटाळले.

जिजाजींचा धुळ्याहून फोन. रविवारी येतो म्हणाले. "थोडं बोलायचंय." लेकीला फोन द्या असं म्हणाले नाहीत. घाईत होते म्हणे.

१४ सप्टेंबर
आले. सोबत त्यांची आई, अक्का. सरिता आली नाही. उन्हाळ्यात लग्न झालं त्यांचं, त्यानंतर मनू दोन-चारदा भेटली असेल तिला.

चहा झाला, पोहे झाले. मग जिजाजी कपाकडे बघत म्हणाले, "दिवाळीच्या सुट्टीत मनूला घेऊन जातो. रमली तर मग तिकडच्याच शाळेत..." वाक्य पुरं केलं नाही.

अक्कांनी केलं. "तू खूप करं वं माय. पण आम्हनी पोर शे. किती दिन दुसराना घर ठेवानी?"

दुसऱ्याचं घर. मी पोह्यांच्या बशा गोळा करायला लागले. बोलायचं खूप होतं. काय बोलले, तर "अजून थोडी शेव घ्या."

ते गेल्यावर नवऱ्याला, योगेशला म्हटलं, तू का गप्प बसलास? तो म्हणाला, "बाप आहे तो तिचा. काय बोलू?"


१७ सप्टें.
मनूला अजून सांगितलेलं नाही. यो. म्हणतो तू सांग. मी म्हणते बापाने सांगावं. ती आपली फरशीवर पसरून जुन्या लग्नपत्रिकांतले गणपती कापतेय. ओळीने चिकटवलेत, फ्रिजवर.

२८ सप्टेंबर
जळगावातच, मेहरूण तलावावर गेलो. जिजाजी सरिताला घेऊन आले होते. "मुलीची सवय होऊ दे" म्हणून.

मला ती आवडू नये असं फार वाटत होतं. नवी साडी, पर्स, मुलांपासून चार हात लांब, असं काहीतरी डोक्यात घेऊन गेले. ती आली साध्या ड्रेसवर. चिनूने कणसाचा लिंबू-मीठ लागलेला हात तिच्या ओढणीला पुसला, तर म्हणाली, "पूस, पूस, धुवायचीच आहे." मनूचा झोका तिने ढकलला. फार जोरात नाही, मनूला भीती वाटते ते तिला न सांगता कळलं. वेणी सुटली होती ती बांधून दिली. मी घालते त्याहून घट्ट, सरळ. मनू हात मागे नेऊन चाचपत राहिली.

सरिता मला ताई म्हणते. तो शब्द मी दुसऱ्या कुणासाठी वापरत होते.

परत येताना रिक्षात मनू म्हणाली, "त्या काकू छान आहेत." मी हो म्हटलं. वाईट असत्या तर भांडता आलं असतं.

२ ऑक्टोबर, दसरा
असोद्याला यो.च्या नानांकडे गेलो. सोनं वाटलं, मांडे खाल्ले. मुलं केळीच्या बागेत. मनूने वाळलेल्या सालांची बाहुली केली, दोरीने कंबर आवळून. हात बसेनात म्हणून एक हाताचीच राहिली.

नाना तिला म्हणाले, "पुढच्या वर्षी ये, तुला केळीचा घड देतो, तुझ्याएवढा."
आणि चिनू म्हणाला, "ती नाही येणार. ती दिवाळीला धुळ्याला जाणार नि तिथेच राहणार."

आमचं बोलणं त्याने कधी ऐकलं देव जाणे. नाना माझ्याकडे बघताहेत, यो. चपला शोधतोय. मनू बाहुलीला धरून उभी. रडली नाही.

गाडीवर मागे माझ्या आणि यो.च्या मध्ये बसली होती. नेरी नाक्याजवळ एकदम म्हणाली, "मावशी, तिकडे उशी असते?"
"असते ना."
"माझी?"
मी म्हटलं, आपण ही पाठवू. म्हणजे मीच सांगितलं शेवटी. असं.

६ ऑक्टोबर
कोजागिरी. भुलाबाई बोळवली. मनूने दूध प्यायलं नाही, पोट दुखतं म्हणाली. सकाळी शाळेतही पोट दुखलं. डॉक्टरांनी तपासलं, काही नाही म्हणाले. घरात काही झालंय का, विचारलं. मी म्हटलं, नाही.

१२ ऑक्टोबर
आकाशकंदील. पतंगाचा कागद, बांबूच्या काड्या, कणकेची खळ. सगळ्या घरभर खळ, चिनूच्या केसात तर सुकून बसली. मनूला दोन करायचे होते. एक मोठा, एक लहान.
मोठा कुणाचा? तर म्हणाली, "आपला."
मग लहान?
"तोपण आपला."


यो.ने दुपारभर तिची सायकल उघडून बसवली, तेल दिलं, मागची चाकं घट्ट केली. म्हटलं, आता कशाला? म्हणाला, "तिकडे कोण बघेल?" आणि मोरीत हात धुवायला गेला. बराच वेळ धूत होता.

आज धीर करून जिजाजींना फोन केला. निदान वर्ष पुरं होऊ द्या, मध्येच शाळा बदलू नका. ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं. म्हणाले, "तिची आई गेली तेव्हा मी जेवत नव्हतो, कामाला जात नव्हतो, मला तिच्याकडे बघवत नव्हतं. तुम्ही सांभाळलं. पण आता घरी आलो की वाटतं, माझी मुलगी दुसऱ्या गावात मोठी होतेय. अजून एक वर्ष गेलं तर ती मला पाहुणाच म्हणेल."


१५ ऑक्टोबर
नानकटाई. पीठ घरी मळलं, मुलांनी गोळे केले. मनूने प्रत्येकावर पेनाच्या टोपणाने गोल ठसा उमटवला. ट्रे घेऊन बेकरीच्या भट्टीवर गेलो, तिथे ही गर्दी. संध्याकाळी आणायला गेलो तर ट्रे बदललेला. भट्टीवाला म्हणतो, "सारखीच आहे हो वहिनी, वजन करून देतो." हिच्यावर काजूचा तुकडा, आमच्यावर ठसा. आमची कोण घेऊन गेलं त्याला माहीत नाही.

मनू तिथेच रडायला लागली. असोद्याला नाही रडली, उशीचं विचारताना नाही रडली, आणि इथे भर बाजारात, "ही आपली नाहीये, ही आपली नाहीये." लोक थांबून बघायला लागले. मी तिला उचललं. केवढी जड झालीये. उचलता येत होतं तोवर मी तिला पुरेसं उचललंच नाही.

काजूची नानकटाई चांगली होती. तिने तोंडाला लावली नाही.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी
गेली.

जिजाजी मित्राची गाडी घेऊन आले. पिशवीत फ्रॉक, खोकल्याचं औषध, उशी. लहान कंदील मांडीवर. सायकल डिकीत बसेना. यो.ने हँडल फिरवून, सीट काढून पाहिली, तरी नाही. शेवटी ती परत जिन्याखाली.

चिनू आधीच गाडीत जाऊन बसलेला, त्याला ओढून काढावं लागलं. मला वाटलं होतं मनू गळ्यात पडेल. मी त्यासाठी स्वतःला आवरून उभी होते. ती सीटचा पट्टा कसा लावायचा त्यात गुंतलेली. लागला तेव्हा खूश झाली, "मावशी, बघ!" आणि गाडी निघाली.

चौकापर्यंत दिसली. मग समोर ट्रक आला.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
भाऊबीजेला आणतो म्हणाले होते. सकाळी फोन, घरी पाहुणे आहेत, जमणार नाही. चिनू नव्या कुर्त्यात पाटावर बसूनच होता. मग व्हिडिओवर. मनूने तिकडून मोबाईलला ओवाळलं. मागून अक्कांचा आवाज, "दिवा दूर धर वं, फोन जई जाई!"
चिनूने भेट म्हणून कॅडबरी पडद्याला लावली. तिने तोंड उघडलं. मग त्यानेच खाल्ली.

मी मधे तोंड घालून विचारलं, जेवलीस का? हो म्हणाली. पोट दुखतं का? नाही म्हणाली. नाही म्हणाली याचा आनंद व्हायला हवा होता.

२९ ऑक्टोबर
दुपारी सरिताचा फोन. एकटीच होती, हळू बोलत होती.

"ताई, एक विचारू? मनू दिवसभर छान असते. माझ्यासोबत करंज्या केल्या, शेजारच्या मुलींत खेळते. झोपायच्या वेळी मात्र रडते. आवाज न करता. जळगावला जायचं का विचारलं तर मान हलवते, नाही म्हणते. इथे राहायचं का विचारलं तरी नाहीच म्हणते. मी थोपटते, गोष्ट सांगते, काही चालत नाही. तुम्ही काय करायच्या?"

मला माहीत होतं काय करायचं ते. जगात ते मला एकटीला माहीत आहे, कारण ताईने मला दवाखान्यात सांगितलं होतं. सांगितलं नाही तर? ती अशीच रडेल, अजून काही दिवसांत जिजाजी कंटाळतील, घेऊन येतील. एवढं सगळं त्या एका क्षणात डोक्यात येऊन गेलं. सरिता दोनदा म्हणाली, "ताई? ऐकताय ना?"

म्हटलं, "तिच्या उजव्या कानावर हात ठेव. नुसता ठेव, थोपटू नको. बोलूही नको. ती आपणच कुशीवर वळते. मग काढून घ्यायचा नाही, ती झोपेपर्यंत."

"बरं," ती म्हणाली. आणि पुन्हा, "उजव्या ना?"
"उजव्या."

शाळा सोमवारी उघडते, इथलीही आणि तिथलीही. मनू कुठल्या शाळेत जाणार ते जिजाजी रविवारी कळवणार आहेत. चिनू विचारतो, मनूताई कधी येणार. काल म्हटलं, येईल. आज म्हटलं, बघू.