कुंदाची सीट

९ मे, हैदराबाद

दोन कंपन्या होत्या तेव्हा जळगावहून रोज विमान होतं. एकमेकींशी भांडून दर पाडले, मग नव्या कंपनीनं गाशा गुंडाळला. आता उरलेली एकटी आठवड्यातून तीनदा उडणार आणि मनाला येतील तेवढे पैसे घेणार. वर काउंटरवरची पोरगी म्हणते, "मॅडम, ऊन फार आहे. गरम हवेत विमानाला पूर्ण वजन झेपत नाही. तुमच्या दोघींपैकी एकच जाईल." धुळ्याहून पहाटेची एसटी धरून हे ऐकायला आलो? रांगेसमोर भांडले. उपयोग शून्य.

माझी धाकटी जाऊ कुंदा मागे राहिली. रविवारचं विमान भरलेलं, पुढची जागा मंगळवारी. रेल्वेला वेटिंग दीडशे. उद्या तिच्या मयुरीचं सिझर, आणि पोरीजवळ कोण — तर मी, चुलती.

कंपनीचाच दोष आहे.

१० मे

मुलगी झाली. नर्सनं विचारलं, "आजी कोण?" मीच हात पुढे केले.

मयुरी म्हणाली, "मोठी माय, आई का नाही आली?"

"विमान पाहून घाबरली. पायच टाकेना."

का बोलले? तोंडातून निघून गेलं. जावई योगराज हसला — "सासूबाईंसाठी बैलगाडी पाठवायला हवी होती." मयुरी हसली नाही.

११ मे

लिहूनच टाकते. कोण जाणार असं काउंटरवरच्या पोरीनं विचारलं तेव्हा कुंदा पाणी प्यायला गेली होती. मी म्हटलं, "ती थांबेल, मला पाठवा." विमानात बसणार म्हणून अख्ख्या गल्लीत सांगून ठेवलं होतं. सीट खिडकीची होती. एवढंच कारण. दुसरं शोधलं, सापडत नाही.

कुंदा आल्यावर सांगितलं, कॉम्प्युटरनं तुझं नाव काढलं. ती म्हणाली, "जाय अक्का, तू जाय. पोर एकटी शे." आणि स्वतः केलेले डिंकाचे लाडू माझ्या बॅगेत कोंबले.

खिडकीतून काही पाहिलं नाही. डोळे मिटून बसले.

१२ मे

मयुरीनं आईला फोन लावला. मी शेजारीच कपडे घडी करत होते. "एवढी घाबरतेस तर नको येऊस. मोठी माय आहे ना सव्वा महिना." तिकडून फक्त "बरं" आलं.

आता तरी बोलायचं होतं. बाळाची तीच बंडी चार वेळा घडी केली.

१३ मे

मंगळवारचं विमान आलं. कुंदा त्यात नव्हती.

१४ मे

पाचवी पुजली. पाटा मी मांडला, हळद-कुंकू मी वाहिलं. शेजारीण म्हणाली, "नशीबवान हो, अशी चुलती कुणाला मिळते?" मयुरीनं मान डोलावली. मी पाटा उचलायला वाकले.

१५ मे

कुंदाचा फोन. बाहेर जिन्यात जाऊन घेतला.

"अक्का, मी पाणी पीसन तुना मांगेच उभी व्हतू काउंटरवर. बठ्ठं, शब्द न् शब्द आयकं मी. सीटनं सोड, ती तुले दिधी. पण मनी पोर माले भित्री समजस, ते माले चालाव नही. रविवारनं तिकीट काढं शे. शनिवारपर्यंत तिले खरं सांग. सांगशी का नही, एवढं बोल."